खुबा किती वर्षं टिकतो?

परवा उदगीरच्या लग्नात तुम्ही विचारलंत, "आईला सिमेंटचा खुबा बसवलाय ना? किती वर्षं टिकतो?" हे बरेच जण विचारतात. मांडवात नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आईचा खुबा 2014 मध्ये बदलला. वय 66, हाडं ठिसूळ, म्हणून सिमेंट. आम्हाला वाटायचं, सिमेंट म्हणजे डिंकासारखं चिकटवतात. तसं नाही. कवळीला वापरतात त्या जातीचं ते अ‍ॅक्रिलिक. पावडर आणि द्रव कालवला की काही मिनिटांत घट्ट होतं. गवंडी दगडांच्या दरजा भरतो, तसं ते हाड आणि खुब्यामधली जागा भरून काढतं. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी ही पद्धत रुळवली. मांडीतल्या दांड्याचा गोळा ज्या वाटीत फिरतो, ती 1962 पासून ते टिकाऊ प्लास्टिकची वापरू लागले.

आकडा हवा असेल तर, ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या नोंदींवरून 2019 मध्ये काढलेला हिशेब आहे: सगळ्या प्रकारचे खुबे धरून 15 वर्षांनी 100 पैकी सुमारे 89 टिकतात, 25 वर्षांनी सुमारे 58.

पण मला सांगायचंय ते मधल्या वर्षांचं. तेव्हा दुखत नाही, आणि तिथंच आम्ही चुकलो. पाचव्या वर्षी एक्स-रे काढायला सांगितला होता. आई शेतापर्यंत चालत जायची, मग कशाला लातूरची खेप, म्हणून राहून गेलं. ते मला अजून खातं. आठव्या वर्षी ती बाजेवरून उठताना म्हणाली, "जांघंत सणक मारतीय. चार पावलं टाकली की जातीय."

डॉक्टरांनी पहिला एक्स-रे मागितला. तो पेटीत साड्यांखाली होता. दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. पहिल्या फिल्ममध्ये वाटीच्या एका कडेला, हाड आणि सिमेंटच्या मध्ये, केसाएवढी काळी रेघ होती. नव्यात ती वाटीभोवती पूर्ण फिरलेली. झिजलेल्या प्लास्टिकच्या बारीक कणांनी तिथलं हाड विरत जातं, असं त्यांनी सांगितलं. मांडीतला दांडा मात्र घट्ट होता, म्हणून नुसती वाटी बदलून भागलं. आणखी उशीर झाला असता तर नवी वाटी बसवायला हाडच कमी पडलं असतं.

तुमच्या वडिलांच्या ऑपरेशनला सहा वर्षं झाली म्हणालात. दुखत नसलं तरी यंदा एक्स-रे काढा. आणि पहिली फिल्म कुठं ठेवलीय, ते आजच बघा.