तुम्ही विचारलंत म्हणून: रविवारची रेघ

कारखान्यांत सेन्सर आणि सॉफ्टवेअर बसवून देणं हे माझं काम. त्यामुळे एक प्रश्न ठरलेला: "डिजिटल झाली की कंपनी पर्यावरणाला बरी कशी काय होते हो? आणि त्यात वस्तूऐवजी सेवा विकण्याचा संबंध कुठे आला?" विचारणाऱ्याची शंका रास्त असते. मीटर बसवल्याने एक युनिटसुद्धा वाचत नाही.

एका कारखान्यात कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबून देणाऱ्या यंत्राच्या, वीजवापराचा आलेख बघत होतो. रविवार, सगळं बंद, तरी रेघ शून्याला टेकेना. सोमवारी पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी हवेच्या लाइनखाली जाऊन उभा राहिलो, तर जागोजागी सुस्स. जोडांना साबणाचं पाणी लावलं, फुगे आले. हवा कुणी विकत आणत नाही, म्हणून ती गळाली तर कुणाचा जीव खालीवर होत नाही. पण ती दाबायला वीज लागते, आणि देखभाल नसेल तर दाबलेल्या हवेतली 20 ते 30 टक्के हवा अशीच वाया जाऊ शकते. कहर म्हणजे मीटर सहा महिन्यांपासून तिथेच होता. वीजबिल अकाउंट्सकडे, गळती मेंटेनन्सकडे. आलेख उघडायची गरज दोघांनाही नव्हती.

सेवेचा मुद्दा इथेच येतो: नासाडीचा भुर्दंड कुणाच्या खिशाला? 2015 मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाने फिलिप्सकडून दिवे विकत न घेता उजेड घ्यायचं ठरवलं. दिवे फिलिप्सच्याच मालकीचे. मग दिवा लवकर गेला तर तोटा विकणाऱ्याचा! साहजिकच फिटिंग जास्त टिकतील अशी बनवली, ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा भाग, बाहेरून हाताला येईल असा ठेवला. एरवी दिवे जितके लवकर जातील तितका धंदा बरा.

कल्पना जुनीच. ब्रिस्टल सिडली कंपनीने 1962 मध्येच विमानाच्या इंजिनाची देखभाल उड्डाणाच्या तासांवर द्यायला सुरुवात केली होती. पण उड्डाणाचे तास तसेही नोंदले जात. दिवा, पंप, कॉम्प्रेसर यांचे तास मोजायला माणूस कोण पाठवणार? ते काम सेन्सरने स्वस्त केलं. (सेन्सर आणि सर्व्हरही वीज खातात. दर सेकंदाचं रीडिंग वर्षानुवर्षं साठवायचा हट्ट धरणाऱ्यांशी माझं नेहमी वाजतं.)

त्या कारखान्यात आम्ही नवीन काही घेतलं नाही. कॉम्प्रेसरचं वीजबिल मेंटेनन्सच्या बजेटमध्ये टाकायला लावलं, एवढंच. पंधरा दिवसांत रविवारची रेघ बरीच खाली आली. शून्याला अजून टेकलेली नाही. पेंट शॉपच्या छताजवळचा एक जोड उंच शिडीशिवाय हाताला येत नाही, आणि ती शिडी स्टोअर्सच्या ताब्यात आहे.