नवं बसवलं, तेच गेलं

रत्नागिरीच्या मासळी प्रक्रिया कारखान्यात मेंटेनन्सचं नियोजन बघणाऱ्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. मिरकरवाड्याला बोटी उभ्या, आमच्याकडे कच्चा माल नाही. या ६१ दिवसांत सगळी मशीनं उघडायची, साफ करायची आणि पुन्हा जुळवायची. ऑगस्टात बोटी सुटल्या की म्हाकूल, राणी, बळा यायला लागतो आणि मग मे संपेपर्यंत मशीन थांबवायचं नाव कोणी काढू देत नाही. बंदीतही कोल्ड स्टोअर उणे १८ वर राखायचं असतं, म्हणून थंडावा तयार करणारे अमोनिया वायूचे तीन कॉम्प्रेसर एकेक करूनच उघडावे लागतात.

खाऱ्या हवेत स्पेअर सांभाळणं हे वेगळंच काम आहे. बेअरिंगचा कागद एकदा फाडून तसंच फडताळावर ठेवलं, तर गणपतीपर्यंत त्यावर गंजाचे ठिपके. स्टँडबाय मोटरचा शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवावाच लागतो, नाहीतर शेजारच्या मशीनच्या थरथरीने उभ्या जागीच बेअरिंगच्या रिंगांवर खुणा पडतात. हे मी स्टोअरच्या प्रत्येक नवीन मुलाला स्वतः शिकवतो, कारण कॉम्प्युटरवर ते बेअरिंग 'शिल्लक १' असंच दिसत राहतं.

यंदा दोन नंबरच्या कॉम्प्रेसरचं सील चेकलिस्टप्रमाणे बदललं. शाफ्ट जिथे क्रँककेसमधून बाहेर येतो तिथे हे सील असतं. कार्बनची रिंग आणि आरशासारखी घासलेली स्टीलची चकती एकमेकींवर फिरतात, मध्ये तेलाचा पातळ थर, आणि मागच्या बाजूने गॅस अडवायला एक साधी रबरी ओ-रिंग. जुनं सील उत्तम चालत होतं. तासाला तेलाचे दोन-चार थेंब गळायचे, तेवढे गळायलाच हवेत. पण मुख्य कार्यालयाच्या चेकलिस्टमध्ये ठरावीक तास भरले की सील बदला असं लिहिलंय, आणि तास भरले होते. जूनमध्ये नवं बसलं, जुलैअखेर ट्रायल झाली, सह्या झाल्या.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, रात्री, धो धो पावसात ऑपरेटरचा फोन आला. डोळे चुरचुरतायत म्हणाला. अमोनिया माणसाच्या नाकाला साधारण ५ पीपीएमपासून, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत पाच भागांपासून कळतो. आठ तासांच्या कामाला मर्यादा २५ ची, आणि ३०० ला जिवाशी गाठ. म्हणून वास येणं ही या वायूची मोठी कृपा मानतो मी. पॅकिंग हॉलमधल्या बायकांना सुपरवायझरने मी पोहोचायच्या आत वाऱ्याच्या उलट बाजूने बाहेर काढलं होतं. ते काम तिने इतकं नीट केलं की त्या रात्रीचं पहिलं श्रेय तिचं. गंधकाची काडी पेटवून सीलच्या कव्हरपाशी नेली आणि पांढरा धूर उठला. जागा सापडली.

सक्शन, म्हणजे गॅस आत येण्याची बाजू, बंद करून गॅस ओढून घेतला, मशीन थांबवलं, डिस्चार्ज, म्हणजे बाहेर जाण्याची बाजू, बंद केली, उरलेला गॅस नळीने पाण्याच्या पिंपात सोडला. कव्हर काढलं. कार्बन ठीक, चकतीवर एकही ओरखडा नाही. ओ-रिंग मात्र कडक झालेली. नखाने दाबली तर कडेला तडा गेला आणि बारीक तुकडा हातात आला. जूनमध्ये बसवलेली रिंग! पहिला संशय अर्थातच फिटिंगवर. मॅनेजर साहेबांनी फिटरकडे नुसतं बघितलं, तेही मला खटकलं. हा फिटर घासलेल्या चकतीला बोट लागू देत नाही.

स्टोअरमधून त्याच पाकिटातली दुसरी रिंग आणली. फिटर जुने उतरवलेले भाग तेलाच्या डब्यात जपून ठेवतो. कित्येक वर्षं चाललेली जुनी रिंग त्याने त्यातून काढली, पुसली, एका तळहातावर ती आणि दुसऱ्यावर नवी घेतली.

"साहेब, ही जड लागते ओ."

दोन्ही काळ्या, माप अगदी सारखं. क्वालिटीच्या लॅबमधल्या काट्यावर ठेवल्या, तर नवी जवळजवळ दीडपट भरली. तिथेच उलगडलं. जुनी निओप्रीन रबराची होती, नवी व्हिटॉनची. व्हिटॉन म्हणजे महागाचं रबर. पेट्रोल, गरम तेल, २०० अंशांची उष्णता सगळं सोसतं. अमोनिया मात्र सोसत नाही, कडक होऊन तडकतं. आमच्या आयटम कोडमध्ये लिहिलं होतं 'ओ-रिंग, शाफ्ट सील' आणि पुढे माप. रबर कोणतं, याला रकानाच नव्हता. पुरवठादाराने 'यापेक्षा भारी देतो' म्हटलं आणि खरेदी विभागाने जास्त पैसे मोजून घेतली. हेतू चांगलाच होता. पण कारखान्यात एक फोन करून विचारायचं त्या विभागात कुणालाच सुचत नाही, याचा मला अजूनही राग येतो. आणि 'शिल्लक ६' दिसत असल्यामुळे कुठलीच घंटा वाजली नाही. सहाच्या सहा निरुपयोगी होत्या.

कोल्हापुराहून माल मागवायचा तर त्या पावसात, त्या वेळी, आंबा घाटातून गाडी पाठवायची माझी तयारी नव्हती. सुरिमीची, म्हणजे माशाच्या लगद्याची, लाईन बंद केली, म्हाकूल बर्फात दाबून चिल रूममध्ये सरकवलं, उरलेल्या दोन कॉम्प्रेसरवर प्लेट फ्रीझर निम्म्या भाराने चालवले. फिटरला आठवलं, बंदराकडच्या एका बर्फ कारखान्यात याच मॉडेलचा कॉम्प्रेसर आहे. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना झोपेतून उठवलं. त्यांनी कपाटातून पूर्ण किट काढून दिलं. पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, 'निओप्रीन, फक्त अमोनिया'. "गणपतीच्या आधी परत आणून द्या," एवढंच म्हणाले. आमच्या लाखोंच्या सॉफ्टवेअरमध्ये नसलेली ओळ त्या माणसाने बॉलपेनने लिहून ठेवली होती. पहाटे मशीन जुळलं, आतली हवा ओढून बघितलं तर व्हॅक्यूम टिकला, म्हणजे गळती नाही, सकाळच्या पाळीला लाईन सुरू झाली.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. चालतं सील आपण उघडलंच का? युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी १९७८ साली अमेरिकी संरक्षण खात्याला विमानांच्या देखभालीवर अहवाल दिला. त्यात वय वाढलं म्हणून बिघडणारे भाग फक्त ११ टक्के निघाले. ६८ टक्के भागांत बसवल्यावर सुरुवातीलाच बिघाडाची शक्यता सर्वांत जास्त, पुढे ती कमी होऊन स्थिर राहते. कॉम्प्रेसर म्हणजे विमान नव्हे, हे मलाही कळतं. व्हॉल्व्ह प्लेट थकतात, तेल बदलावंच लागतं, सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाबतीत तर मी एक दिवसही उशीर खपवून घेत नाही. पण जे सील दर तासाला थेंबांनी आपली तब्येत सांगतं, ते नुसतं तास भरले म्हणून का उघडायचं?

काकांचं किट परत दिलं, सोबत एक नवं जादा दिलं. आयटम कोड फोडला, रबराचा प्रकार आणि काट्यावरचं वजन त्यात घातलं. आता माल आला की आधी वजन, मग फडताळ. किमान साठाही बदलून मागितला. मुंबईत दोन दिवसांत येणारी वस्तू पावसाळ्यात इथे कधी येईल याचा भरवसा नसतो, तरी दोन्हीकडे एकच आकडा लावलेला होता. त्यावर अजून उत्तर नाही.

तीन नंबरच्या कॉम्प्रेसरचे तास पुढच्या जूनपर्यंत भरतील. त्याच्या सीलसमोर मी 'उघडू नये, थेंब मोजून नोंद ठेवावी' असं लिहून प्लॅन पाठवला. ऑडिटला ही ओळ रिकामी दिसेल, ती भरा, असा मेल आलाय. मी वजनांचे दोन्ही आकडे आणि तडकलेल्या रिंगचा फोटो जोडून ओळ तशीच ठेवली आहे.