आतली कोरी बाजू

बँकेत मी चौतीस वर्षं शिक्के मारले. हुद्दे बदलले, शाखा बदलल्या, लेजरं जाऊन संगणक आले, पण सकाळी खुर्चीत बसल्यावर पहिलं काम तेच: तारखेच्या शिक्क्याचे पट्टे नखानं पुढे सरकवायचे. एका १ जानेवारीला दिवस आणि महिना फिरवला आणि सालाचा पट्टा विसरलो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आमच्या शाखेत जेवढे पैसे भरले गेले, ते सगळे बरोबर एक वर्ष आधी जमा झाले. मॅनेजरसाहेबांनी त्यातली एक स्लिप न बोलता माझ्यासमोर ठेवली आणि स्वतःसाठी चहा मागवला. उरलेली दुपार चुकीच्या सालावर आडवी रेघ, वर बरोबर साल, शेजारी सही, असं करत काढली. खाडाखोडीलाही शिस्त असते, हे त्या दिवशी हातात बसलं ते बसलंच.

निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. आणि आता रोज सकाळी चहा झाला की मी पुन्हा शिक्केच मारत बसतो. फरक एवढाच की हे शिक्के फुलापानांचे असतात आणि खाली पे-इन स्लिपेऐवजी शुभेच्छांचं कार्ड असतं.

याचं मूळ मुलीच्या खोलीत आहे. ती बंगळुरूला नोकरीला गेली तेव्हा दोन खोकी मागे राहिली. "टाकू नका हं बाबा, मी येऊन घेऊन जाईन." याला आता तीन वर्षं झाली. एका खोक्यात एक लोखंडी धूड होतं. बायकोनं ते आधी शेवयांचं यंत्र समजून पुसून ठेवलं होतं. मला मात्र ते बघताक्षणी रसवंती आठवली. एकावर एक दोन रूळ, बाजूला हँडल, मधे फट. फक्त घुंगरं नाहीत. उसाच्या जागी त्यात जे सरकवायचं त्याला या छंदातली माणसं 'सँडविच' म्हणतात. खाली प्लास्टिकची जाड पाटी, तिच्यावर कागद, कागदावर डाय पालथा घालायचा, म्हणजे त्याची धार कागदाकडे, आणि वर आणखी एक पाटी. डाय म्हणजे पातळ पत्र्याची नक्षी, कडांना धार असलेली. घरातल्या शंकरपाळ्यांच्या कातण्याला कुणी फूल व्हायला शिकवलं तर जे होईल, ते.

पहिल्यांदा हँडल फिरवलं तेव्हा असा काही कडाकड आवाज झाला की मी थांबून बायकोकडे पाहिलं आणि तिनं माझ्याकडे. मुलीची वस्तू मोडली, याबद्दल आमचं न बोलता एकमत झालं. पण पलीकडून सँडविच धडधाकट बाहेर आलं आणि वरची पाटी उचलली तर खाली जाळीदार पिंपळपान! ते यंत्र वाजतंच तसं. पाटीवर प्रत्येक डायचा ओरखडा राहतो, म्हणून पाट्या उलटसुलट करत वापरायच्या, नाहीतर त्या पापडासारख्या वाकतात. चौकोनी डाय सरळ ठेवला की त्याची सगळी कड एकदम रुळाखाली येते आणि हँडल अडतं. जरा तिरपा ठेवला की मुकाट्यानं जातो. आणि मधलं कापलंच गेलं नाही तर पाटीखाली कागदाची एक घडी सरकवायची. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान वापरतो. एवढीशी जाडी वाढली की काम होतं.

कापणं सोपं. शिक्का मारायला मात्र मला नव्यानं शिकावं लागलं, आणि हा अपमान पचायला महिना गेला. हे नवे शिक्के पारदर्शक असतात, जेलीसारखे. जाड अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर ठेवले की आपोआप चिकटतात आणि आरपार दिसत असल्यामुळे कुठे उमटणार ते आधीच कळतं. मी सवयीनं पॅडवर आपटला, कागदावर धाडकन मारला आणि बँकेत मारायचो तसा एक झोका दिला. फूल कडेनं फरकटलं. आमच्याकडे त्या झोक्याला महत्त्व होतं. गोल शिक्क्याची चारी बाजूंची अक्षरं उठायची तर मनगट फिरवावंच लागे. इथे झोका दिला की घात. पॅडवर हलके टिचकारायचं, सरळ खाली न्यायचं, बोटांनी सारखा दाब द्यायचा, सरळ वर उचलायचं. शिक्का कोरा करकरीत असेल तर त्यावर शाई दवासारखी थेंब धरून बसते. आधी खोडरबरानं हलकं घासून त्याचा तुकतुकीतपणा घालवावा लागतो. नव्या कारकुनाचंही थोडंफार असंच करावं लागायचं.

पण मला खरी गंमत वाटली ती दुसऱ्या ठशाची. बँकेत शिक्का पुसट उठला की वरून हाक यायची, "अहो, पॅडला शाई घाला!" ठसठशीत उठला तरच तो शिक्का. इथे एकदा मारून झाल्यावर पॅडला न लावता तोच शिक्का पुन्हा मारतात, मुद्दाम. दुसरा फिका उठतो, तिसरा त्याहून फिका. यांच्या भाषेत ही दुसरी-तिसरी पिढी. पुढे एक गडद पान, मागे दोन पुसट, की झाडात खोली येते, लांबचं लांब दिसायला लागतं. चौतीस वर्षं मी ज्याला शाईची टंचाई समजत होतो, त्याला कलेत स्थान आहे हे कळायला साठी उलटावी लागली.

तसं पाहिलं तर ठसे आपल्या घरांना नवे नाहीत. गौरी यायच्या दिवशी आई तांदळाच्या पिठात मूठ बुडवून उंबऱ्यापासून आत पावलं उमटवत जायची. मुठीच्या कडेचं पाऊल, बोटाच्या टोकाची बोटं. शाळेत भेंडीचे ठसे तर आपण सगळ्यांनीच मारले असतील: भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची, पाच पाकळ्यांचं फूल तयार. त्या भेंडीचं पुढे काही व्हायचं आहे, तोवर ठेवतो.

या सगळ्यात माझा जीव अडकला आहे तो एम्बॉसिंगच्या, म्हणजे नक्षी उठावदार करायच्या, पुडीत. त्यासाठी वेगळी शाई असते, बिनरंगाची, चिकट, लवकर न वाळणारी. तिनं शिक्का मारला की कागदावर काहीच दिसत नाही, नुसता ओलसर भास. त्यावर सोनेरी पूड भुरभुरवायची, कागद तिरपा करून टिचकी मारायची, जादा पूड परत डबीत. जिथे शाई तिथेच पूड राहते. निदान राहायला हवी. हवा कोरडी असली की चार कण भलतीकडे चिकटतातच, म्हणून आधी टाल्कम पावडरची पुरचुंडी कागदावरून फिरवून घ्यायची. आता दिसतं ते चित्र खडबडीत, मळकट, वाळूसारखं. मग हीट गन, म्हणजे कडक गरम हवेचा झोत सोडणारं हत्यार. पाच-सहा सेकंद काही होत नाही. आणि मग एका कडेला एक ठिपका चमकतो. ती चमक रेघेवरून पुढे सरकत जाते, कण कण वितळून एकमेकांत मिसळतात आणि वाळूची सोन्याची तार होते, कागदाच्या वर उचललेली, बोटाला लागणारी. ही पूड म्हणजे बारीक दळलेलं प्लास्टिक, हे मला माहीत आहे. तरी दर वेळी मी श्वास धरून बघतो. तिथेच रेंगाळलो तर मात्र ती कागदात जिरते आणि सोन्याच्या जागी तेलाचा डाग उरतो.

हीट गन घेण्याआधी काटकसर म्हणून बायकोचा केस वाळवायचा ड्रायर वापरून पाहिला होता. त्याला पुरेशी उष्णता नसते, वारा मात्र मुबलक. खिडकीत पोह्याचे पापड वाळत होते. त्या वर्षीचे आमचे पापड सोनेरी झाले आणि गेले कचऱ्यात. हीट गन दुसऱ्या दिवशी आली.

कागदाचंही एक शास्त्र आहे. इथे पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालची हातकागद संस्था आहे. तिथला कागद हातात घेतला की ठेववत नाही, पण त्याच्या रवाळ अंगावर बारीक रेघांचा शिक्का तुटक उठतो. म्हणून तो मागे थर द्यायला आणि शिक्क्याला गुळगुळीत कागद. कार्डाचा मूळ कागद ३०० जीएसएमचा. म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम. ए-फोरचा अर्धा भाग हा चौरस मीटरचा बत्तिसावा हिस्सा, तेव्हा घडी घातलेलं एक कार्ड साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. वर दोन थर, फोमची टेप, फूल, पाकीट, की टपालाची वीस ग्रॅमची पायरी ओलांडलीच. घडीसाठी महागडी हत्यारं मिळतात. मी शाई संपलेल्या बॉलपेननं पट्टीच्या कडेला रेघ ओढतो आणि त्या रेघेवर दुमडतो. तशी पेनं माझ्याकडे जन्मभर पुरतील एवढी आहेत.

असं करत करत बुटाच्या खोक्यात त्रेसष्ट कार्डं जमली. बायकोनं एकदा विचारलं, "अहो, ही पाठवायची कुणाला?" मी म्हटलं, बघू. तिनं फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. अकरा अंगठे आले. ते बरे होते, फिके नव्हते, पण पाकिटात घालून पाठवायचं म्हटलं की माझा हात अडायचा. कारण कार्ड उघडलं की आत कोरी बाजू. बाहेर तीन तास घालवल्यावर आत काय लिहायचं?

यात दोष एकट्या माझा नाही. नाताळच्या छापील कार्डाचा उगमच मुळी लिहायच्या कंटाळ्यात आहे. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत कुठेही पत्र जायला लागलं आणि लोक सुटले. त्या योजनेसाठी खपलेल्या हेन्री कोल यांनाच पुढे नाताळात पत्रांना उत्तरं देववेनात. १८४३ मध्ये त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं, हजारभर प्रती छापल्या, हातानं रंगवून घेतल्या आणि उरलेल्या एका शिलिंगला एक अशा विकायला काढल्या. एका शिलिंगाचे पेन्स बारा, म्हणजे टपालाच्या बारापट कार्डाची किंमत. चित्रात एक भरलं घर मेजाभोवती पेले उंचावून बसलं आहे, आणि एका लहान मुलीच्या ओठांनाही पेला आहे, त्यावरून दारूबंदीवाले चिडले. ते असो. वर 'कुणास' आणि खाली 'कुणाकडून' एवढी जागा कोरी, शुभेच्छा छापील. मी ते चित्र पाहिलं आणि ओळख पटली. पे-इन स्लिप!

आपल्याकडेही दिवाळीची कार्डं जायची तेव्हा पाकिटाचं तोंड न चिकटवता नुसतं आत खुपसायचं आणि वर 'बुक पोस्ट' लिहायचं, की तिकीट कमी लागे. आत पत्र लिहिलं तर ते बुक पोस्ट राहत नसे. म्हणजे न लिहिणाऱ्याला टपाल खात्याचीच सवलत. माझे वडील आत फक्त 'सौ. व श्री.' घालून खाली सही करायचे.

जुन्या मराठी कागदांत याच्या बरोबर उलटं असे. आधी मजकूर, मग शेवटी छोटा शिक्का, मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर 'मर्यादेयं विराजते', पेशवाईत 'लेखनसीमा'. इथे म्हणणं संपलं, पुढे कुणी काही घुसडू नये. आधी लिहायचं आणि मग शिक्का. माझे शिक्के सगळे मारून झालेले आणि मजकुराचा पत्ता नाही.

मिरजेच्या मावशीचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात आलं. जाणं शक्य नव्हतं. तेव्हा कार्ड केलं. एका पौर्णिमेपासून दुसरी साडेएकोणतीस दिवसांहून जराशी जास्त लांब, अशा हजार म्हटल्या तर ऐंशी वर्षं आणि वर दहा महिने. हा हिशोब करत मी गोल डायनं चंद्र कापला, त्यावर सोनेरी पूड वितळवली, मागे पिंपळाची पानं, एक गडद, दोन पुसट. तीन तास. मग कार्ड उघडलं.

'ती. मावशीस सा. न. वि. वि.' एवढं आपोआप उमटलं. तोही एक शिक्काच. पुढे पेन थांबलं ते चहा निवेपर्यंत. शेवटी जे आठवलं ते लिहिलं: मी सात वर्षांचा असताना सुट्टीत मिरजेला होतो, तू चुना दिलेल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी निळीच्या पाण्यात भेंडी बुडवून ओळीनं ठसे मारले, तू पाठीत धपाटा घातलास, आणि दिवाळीपर्यंत त्यावर कॅलेंडर लावून ठेवलंस. बस. चारच ओळी झाल्या. बाकी पान तसंच कोरं राहिलं. पाकीट बंद करून पोस्टात टाकायला बायकोला दिलं, नाहीतर तेही खोक्यात गेलं असतं.

अकरा दिवसांनी तेच कार्ड परत आलं. मला वाटलं, पत्ता चुकला. पण पाकीट दुसरं होतं आणि अक्षर मावशीचं. माझ्या चार ओळींखाली, पानाच्या तळापर्यंत आणि मग वळून मागच्या बाजूला, तिनं बारीक अक्षरात सगळं लिहून काढलं होतं: कोण कोण आलं, जिलबी कशी कमी पडली, औक्षणाला निरांजनं किती लावली, माझ्या गुडघ्याला काय शेकायचं. सुरुवातीलाच खुलासा होता: 'एवढी कोरी जागा होती, वाया कशाला घालवायची, म्हणून यातच लिहिते. चंद्र छान झालाय, तुझा तुला परत.'

मावशी तहसील कचेरीत कारकून होती. माझ्या ओळींतल्या 'भेंडी' या शब्दावर तिनं पट्टीनं आडवी रेघ मारली होती. वर लिहिलं होतं 'दोडका'. आणि शेजारी सही.