मलाक्काची वेस आणि ठाण्याची तटबंदी

फेब्रुवारीत आई आणि मी ठाण्याहून सिंगापूरला धाकट्या बहिणीकडे तीन आठवड्यांसाठी गेलो, तेव्हा त्यातला एक दिवस शेजारच्या मलेशियासाठी ठेवायचा, हे विमानात बसण्यापूर्वीच ठरले होते. खाडीपलीकडचे जोहोर बाहरू सर्वांत जवळ होते, पण मला मलाक्का पाहायचे होते. वसई, ठाणे, चौल, गोवा या आपल्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज ठाण्यांबद्दल लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला, त्याच साखळीतील पूर्वेकडची सर्वांत मोलाची कडी सुमारे अडीचशे किलोमीटरवर असताना दुसरीकडे जावेसे वाटणे कठीण होते.

सिंगापूरहून मलाक्काला जाणाऱ्या बस पुष्कळ आणि स्वस्त आहेत. मात्र सीमेवर दोन्ही बाजूंना बसमधून उतरावे लागते, जिने चढून रांगेत उभे राहावे लागते आणि पुन्हा आपली बस शोधावी लागते. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत, त्यामुळे आम्ही चालकासह स्वतंत्र मोटार आणि मलाक्कात भेटणारा स्थानिक गाईड अशी व्यवस्था केली. भाडे माणशी नसून संपूर्ण गाडीचे असते, म्हणून बहीणही रजा काढून आली. मोटारीने जाणाऱ्याला सीमेवर खाली उतरावे लागत नाही; खिडकीतून पासपोर्ट द्यायचे, अधिकारी चेहरे पाहतो, बोटांचे ठसे घेतो आणि गाडी पुढे जाते.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी इथेच सांगून ठेवतो. डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना मलेशियात तीस दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश मिळू लागला, आणि आम्हालाही तो तसाच मिळाला. तरीही तिथले डिजिटल आगमनपत्र प्रवासापूर्वीच्या तीन दिवसांत भरावे लागते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपण सिंगापूर सोडून त्याच रात्री पुन्हा सिंगापुरात शिरणार असतो, म्हणून सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे घरून निघण्यापूर्वीच तपासून घ्यावे आणि परतीचे सिंगापूरचे आगमनपत्रही आधीच भरून ठेवावे.

पहाटे साडेपाचला निघालो. १९२४ पासून वापरात असलेल्या वूडलंड्सच्या जुन्या बांधावर सकाळची गर्दी असते, म्हणून चालकाने पश्चिमेकडील तुआसचा, १९९८ मध्ये खुला झालेला पूल धरला. दोन किलोमीटरांच्या आत देश बदलला. पलीकडे द्रुतगती मार्गाच्या दोन्ही बाजूंना एकसारखी हिरवी झाडे सुरू झाली, ती दोन तास संपली नाहीत. आईला आधी ते माड वाटले. ते तेलताड होते. इंडोनेशियाच्या खालोखाल पामतेल पिकवणारा हा देश आहे आणि त्याचे एक मोठे गिऱ्हाईक आपणच आहोत. आपल्या घरी येणाऱ्या फरसाणाचे तेल या झाडांचे असेल, असे मी म्हटल्यावर आई बराच वेळ बाहेर पाहत राहिली.

मलाक्काच्या चौकात गाईड उभ्या होत्या. पन्नाशीच्या, तमिळ वंशाच्या, गळ्यात परवान्याचे ओळखपत्र घातलेल्या या बाईंचे पणजोबा रबराच्या मळ्यावर मजूर म्हणून आले होते. त्यांनी पहिल्याच वाक्यात आईला ‘अम्मा’ म्हटले आणि दुसऱ्या वाक्यात विचारले की आज काय पाहिले नाही तर घरी गेल्यावर चुटपुट लागेल. मी किल्ल्याचे नाव घेतले. त्यांनी लगेच ठरलेला क्रम बदलला. ऊन चढण्यापूर्वी टेकडी, दुपारी सावलीतल्या गल्ल्या आणि लाल इमारतींचा चौक शेवटी, असे त्यांनी ठरवले. मोठ्या समूहात फिरताना ही मोकळीक मिळत नाही, आणि स्वतंत्र गाईडला दिलेले पैसे मला याच एका गोष्टीसाठी पूर्ण वसूल झाल्यासारखे वाटतात.

‘आ फामोसा’ म्हणजे ‘सुप्रसिद्ध’ अशा नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या किल्ल्याचा आज टेकडीच्या पायथ्याशी एक दरवाजा उरला आहे. काळवंडलेल्या जांभ्याची जाड कमान, वर झिजलेले नक्षीकाम आणि आजूबाजूला कसलाच तट नाही. आपल्याकडे गाव वाढत जाऊन वेस मध्येच एकटी उभी राहते, तसा तो दिसतो. मात्र इथे तट गावाने गिळलेला नाही, तो सुरुंग लावून पाडलेला आहे. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतले आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. सुलतान महमूद शहा पळून गेला, आणि त्याच्या पूर्वजांच्या कबरींचे व मशिदीचे दगड काढून पोर्तुगिजांनी हा किल्ला उभारला. डचांनी १६४१ मध्ये जोहोरच्या मदतीने तो जिंकला. दरवाजावर आज दिसणारे १६७० हे साल आणि डच कंपनीचे चिन्ह त्यांचे आहे. १७९५ मध्ये इंग्रज आले. उद्या शहर डचांना परत करावे लागले तर किल्लाही त्यांच्या हाती पडेल, या भीतीने इंग्रजांनी १८०७ मध्ये तो उडवायला घेतला. हे काम विल्यम फार्कुहार या इंग्रज अधिकाऱ्याकडे होते. दुसरा इंग्रज अधिकारी स्टॅम्फर्ड रॅफल्सने मध्ये पडून जे वाचवले त्यात हा दरवाजा आहे. हेच दोघे पुढे १८१९ मध्ये सिंगापूरच्या स्थापनेच्या वेळी एकत्र दिसतात, हे ऐकून बहिणीला विशेष नवल वाटले, कारण रॅफल्सचे नाव ती रोज स्टेशनवर वाचते.

अल्बुकर्कचे नाव निघाल्यावर मी आईला सांगितले की आपल्या हापूसला ज्याच्यावरून हे नाव पडले असे मानतात, तो अफोन्सो हाच. “आंब्याला नाव मिळावं असं त्याने इथे काय केलं?” आईने विचारले. मी प्रश्नाचे भाषांतर केले. बाईंनी कमानीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “हे केलं, अम्मा.”

टेकडीवर सेंट पॉलच्या चर्चचे अवशेष आहेत आणि वर जायला पायऱ्या आहेत. आई वर येणार नाही असे मी गृहीत धरले होते. तिने मला विचारलेच नाही, कठडा धरून चढायला सुरुवात केली. दर दहा-बारा पायऱ्यांनी ती थांबे आणि ती थांबली की बाई पुढचा इतिहास सांगत. मलाक्का का, हे मला त्या थांब्यांवर समजले. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर भारताची गलबते इथे येत आणि ईशान्येच्या वाऱ्यावर चीनची. मसाले, कापड, चिनी मातीची भांडी यांची अदलाबदल होई आणि परतीचा वारा सुरू होईपर्यंत सगळे इथेच मुक्काम करीत. बंदरावर चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, असत आणि त्यातला एक केवळ गुजराती व्यापाऱ्यांसाठी होता. आईचे माहेर दाभोळचे. वारा फिरेपर्यंत थांबणे म्हणजे काय हे तिला कोणी समजावून सांगावे लागले नाही. पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्या आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहणारे लोक यांबद्दल तिनेच बाईंना सांगितले, आणि एका पायरीवर मला पंधरा मिनिटे दुभाष्याचे काम करावे लागले.

चर्चला छत नाही. भिंतींना टेकवून ठेवलेल्या प्रचंड समाधिशिलांवर पोर्तुगीज, लॅटिन आणि डच अक्षरे आहेत, आणि मधोमध जाळीने झाकलेला एक रिकामा खड्डा आहे. डिसेंबर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर मरण पावलेल्या फ्रान्सिस झेवियरचा देह १५५३ मध्ये काही महिने या जागेत पुरला होता, मग तो गोव्याला नेला. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बॅसिलिकेतील ती चांदीची पेटी आम्ही तिघांनीही पाहिलेली आहे. त्या पेटीआधीची ही जागा आज आपल्यासमोर आहे, हे लक्षात आल्यावर आई खड्ड्याशी हात जोडून उभी राहिली. बाहेर झेवियरचा पांढरा पुतळा आहे, त्याला उजवा हात नाही. झाड पडून तो मोडला असे बाईंनी सांगितले. झेवियरच्या मूळ देहाचाही उजवा हात १६१४ मध्ये कापून रोमला नेलेला आहे.

उतरताना बाईंनी विचारले, “तुमच्या ठाण्यात पोर्तुगिजांचे काय उरले आहे?” मी सांगितले. वसई आणि भोवतालचा मुलूख १५३४ च्या तहाने त्यांच्याकडे गेला. ठाण्याचा किल्ला त्यांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, पण तो पुरा होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि दोन वर्षांनी चिमाजी आप्पांनी वसई. १७७४ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे तिथल्या कैदेतूनच निसटले. १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तिथेच फाशी दिली. “आता तिथे काय आहे?” “तुरुंग. मध्यवर्ती कारागृह.” त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे तुमचा पूर्ण उभा आहे, फक्त आत जाता येत नाही; आमच्यात कुठूनही जाता येतं, फक्त तो नाही.” हे वाक्य मी तिथेच वहीत लिहून घेतले.

दुपारी नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत गेलो. २००८ मध्ये पिनांगच्या जॉर्ज टाउनसह जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या या भागात घरे समोरून अरुंद आणि आत खूप खोल असतात. बाबा-न्योन्या समाजाच्या, म्हणजे चिनी व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्यापासून वाढलेल्या घराण्यांच्या, एका घरात मधोमध उघडा चौक होता, आणि पावसाचे पाणी आत पडू देणारा तो चौक पाहून आईला माहेरच्या वाड्याची आठवण झाली. तिथून जवळच सोनारांच्या गल्लीत चेंग हून तेंग हे चिनी मंदिर, १७४८ ची कम्पुंग क्लिंग मशीद आणि १७८१ चे विनायगर मंदिर एकाच रस्त्यावर आहेत. मशिदीचे छप्पर घुमटाचे नसून पिरॅमिडसारखे थरांचे आहे. गणपतीचे मंदिर डचांनी दिलेल्या जागेवर मलाक्काच्या चेट्टी समाजाने बांधले. हे लोक सुलतानांच्या काळापासून इथे राहिलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. त्यांची भाषा आता मलय आहे, पोशाख मलय आहे, पण देव शिव-गणेश हेच आहेत. आईने पिशवीतून खडीसाखरेची पुडी काढली. पुजाऱ्यांनी ती नैवेद्य म्हणून घेतली.

जेवणात माझ्या शाकाहारी आईसाठी फारसे काही नव्हते. तो विषय भाजी-भातावर संपला. चेंडोल मात्र तिने दोन वाट्या खाल्ले. किसलेला बर्फ, नारळाचे दूध, हिरव्या शेवया आणि वरून काळसर ताडगुळाचा पाक, ज्याला ‘गुला मेलाका’ म्हणतात. गुला म्हणजे आपला गूळच, संस्कृत गुडापासून आलेला. मग शब्दांचाच खेळ सुरू झाला. भाषेला ‘बहासा’, मुखाला ‘मुका’. आणि पोर्तुगिजांकडून दोघांनी घेतलेले पादरी ‘पदेरी’, गिरजा ‘गेरेजा’. शहराचे नावही एका झाडावरून पडले अशी कथा आहे. संस्थापक परमेश्वर झाडाखाली बसला असता त्याच्या शिकारी कुत्र्याला एका पिसोरीने, म्हणजे हरणासारख्या इवल्याशा प्राण्याने, लाथ मारून नदीत पाडले. त्या धीट प्राण्याचे शौर्य पाहून त्याने तिथेच नगर वसवले आणि झाडाचे नाव दिले. ते झाड म्हणजे आमलक. आईने विचारून खात्री करून घेतली. “म्हणजे आवळा. इतका वेळ आपण आवळ्याच्या गावात फिरतोय.”

लाल रंगाचे डच नगरभवन आणि १७५३ चे क्राइस्ट चर्च आम्ही झटकन पाहिले, कारण पाय थकले होते. उजोंग पासिरमधील पोर्तुगीज वस्तीत जाण्यासाठी मात्र मी आग्रह धरला. तिथले लोक आजही पोर्तुगीजमिश्रित क्रिस्तांग बोलतात. रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईत अशीच एक बोली जिवंत आहे हे मी सांगितल्यावर समुद्रकाठच्या एका वृद्ध गृहस्थांनी त्या गावाचे नाव तीनदा उच्चारून पाहिले आणि तिथे जायला किती वेळ लागतो असे विचारले. अंधार पडेपर्यंत मी उत्तर देत होतो.

परतताना तुआसला दीड तास रांग लागली. आई मागच्या आसनावर झोपली होती.

ठाण्याला आल्यावर दहा दिवसांनी तिला बँकेत न्यायचे होते. कारागृहाच्या बाजूने जाताना तिने रिक्षा थांबवायला सांगितली. खाली न उतरता, रिक्षाचा दांडा धरून ती त्या जुन्या दगडी भिंतीकडे पाहत होती. मग मला म्हणाली, “आत कुठे असं साल कोरलेलं असेल का रे, त्या दरवाजावर होतं तसं?” रिक्षावाल्याने मीटर चालू ठेवून इंजिन बंद केले.