अंगावरची अक्षरं कोण वाचतं?

मागच्या महिन्यात मावशीकडे जेवायला गेले होते. जेवणं झाली आणि मावसभावाने शर्टाची बाही वर केली, म्हणाला, ताई तुला जपानी येतं ना, मग हे वाच बरं. कोपरापासून मनगटापर्यंत उभी पाच चिनी अक्षरं, जपानीतही चिनी अक्षरं वापरतात म्हणून मला विचारलं. काळी, ठसठशीत, रेषा एकदम स्वच्छ, काम करणाऱ्याचा हात चांगला होता यात शंकाच नाही. डिसेंबरात मित्रांबरोबर गोव्याला गेला होता तिथे करून घेतलं, साडेचार हजार दिले म्हणाला. मी बघत राहिले. त्यातली दोन अक्षरं मला ओळखू आली पण एकमेकांशी काही संबंध नाही, एक कुठल्यातरी मोठ्या अक्षराचा नुसता डावा तुकडा होता, आणि उरलेली दोन तर मी कधी पाहिलेलीच नाहीत. मी विचारलं तू काय लिहायला सांगितलंस, तर म्हणाला माझं नाव. त्या दुकानात भिंतीवर तक्ता होता, ए म्हणजे हे अक्षर, बी म्हणजे हे, सी म्हणजे हे. त्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग पाच अक्षरांचं, म्हणून पाच चिनी अक्षरं.

मावशी शेजारीच बसली होती, तिने पण विचारलं, अगं काय लिहिलंय त्यावर? मला तिच्यासमोर सांगवेना. नंतर गॅलरीत नेऊन त्याला सांगितलं की बाळा चिनीत एबीसीडी नसते. तो तक्ता कुणीतरी मनाने बनवलेला आहे आणि कित्येक वर्षं नेटवर फिरतोय. चिनीत एका अक्षराला एक अख्खा उच्चार असतो आणि शक्यतो स्वतःचा एक अर्थ असतो, ए च्या जागी लावायला तिथे काही नाहीच. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, म्हणजे वाचणाऱ्याला काय दिसतं? मी खरं तेच सांगितलं, की काहीच दिसत नाही, शब्दच नाहीये तो. त्याचा चेहरा एवढासा झाला आणि मला रात्रभर वाईट वाटत राहिलं, म्हणून हे लिहितेय.

मी पुण्यात जपानी शिकले, एन थ्री म्हणजे मधल्या पातळीपर्यंत परीक्षा दिल्या, आता भाषांतराचंच काम करते. पुण्यात जपानी शिकणारे इतके आहेत की प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी माझ्यासारखी असतेच आणि तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असे फोटो येत असतातच. मानेवर, पाठीवर, घोट्यावर. हे बरोबर आहे का बघ ना. दुःख हे की नव्वद टक्के वेळा फोटो येतो तो टॅटू करून झाल्यावर येतो. आधी विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

आता मला टॅटूबद्दल काही आक्षेप नाहीये हे आधीच सांगते. माझ्या आजीच्या कपाळावर आणि दोन्ही हातांवर गोंदण होतं, हिरवट निळं, तुळस, ठिपके, आणि डाव्या हातावर तिच्या भावाचं नाव. लहानपणी जत्रेत गोंदणारणीकडून करून घेतलेलं. आणि आजीला लिहितावाचता येत नव्हतं! हे मला टॅटूवर विचार करताना खूप उशिरा लक्षात आलं. म्हणजे तीही न वाचता येणारी अक्षरंच अंगावर घेऊन फिरत होती की, मग तिच्यात आणि माझ्या भावात फरक काय? बरेच दिवस डोक्यात घोळलं हे. मला वाटतं फरक असा की आजीला वाचता येत नसलं तरी तिच्या आजूबाजूच्यांना येत होतं. नाव चुकलं असतं तर शाळेतल्या पोराने सुद्धा लगेच सांगितलं असतं. तिच्या हातावरचं नाव गाव वाचत होतं, ते तिच्या माणसांच्या लिपीत होतं. भावाच्या हातावरचं वाचणारं त्याच्या भोवती कुणीच नाही, आणि जिथे वाचणारे कोट्यवधी आहेत तिथे त्याला काहीच अर्थ नाही.

इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम, त्याची गोष्ट आठवते का? 2000 च्या सुमाराला त्याने हातावर बायकोचं नाव देवनागरीत गोंदवून घेतलं. व्हिक्टोरिया. लगेच इंग्लंडच्या पेपरांनी बातम्या केल्या की स्पेलिंग चुकलं, मध्ये एक जास्तीचा ह घुसलाय, आणि आजही चुकलेल्या टॅटूंच्या याद्यांमध्ये ते नाव असतंच. हिंदीत विक्टोरिया लिहितात हे खरं. पण आपण? आपण व्हिक्टोरियाच लिहितो ना! व्हिडिओ, व्हॅन, व्हिसा, व्हॉलीबॉल, व्हिक्टोरिया टर्मिनस. मराठी माणसाने वाचलं तर त्या टॅटूत एका काना-मात्रेची चूक नाहीये. इतकी वर्षं लोक त्याला चूक म्हणतायत आणि कुणीही एका मराठी वाचणाऱ्याला विचारलं नाही याचा मला खरंच राग येतो. एकच लिपी, दोन भाषा, एकीत चूक तर दुसरीत शंभर टक्के बरोबर.

चिनी अक्षरांचं तसंच आहे, किंबहुना जास्तच. तीच अक्षरं चीनमध्ये, तैवानमध्ये, हाँगकाँगमध्ये, जपानमध्ये, आणि अर्थ प्रत्येक ठिकाणी सारखा असेलच असं नाही. हात आणि कागद अशी दोन अक्षरं जोडली की जपानीत तेगामी म्हणजे पत्र. चिनीत त्याच दोन अक्षरांचा अर्थ टॉयलेट पेपर. जपानीत मुलगी म्हणून जे अक्षर लिहितात ते चिनीत आईसाठी वापरतात. त्यामुळे कुणी मला विचारलं की याचा अर्थ काय तर मी आधी उलट विचारते, की कुठल्या भाषेत? समोरच्याला हा प्रश्नच कळत नाही, कारण त्याच्या डोक्यात ती भाषा नसतेच, ते एक डिझाइन असतं.

आणि डिझाइन म्हणून बघितलं की मग काय होतं सांगते. मोठा यासाठीचं अक्षर घ्या, हातपाय फाकून उभा असलेला माणूस दिसतो, तीन रेषा फक्त. त्याच्या पायांमध्ये एक टिंब दिलं की अर्थ होतो फार, अति. तेच टिंब वर उजव्या खांद्यापाशी दिलं की कुत्रा. एक टिंब! सुई जरा इकडे तिकडे गेली की संपलं. माणूस या अक्षरासमोर आरसा धरला तर ते आत शिरणे या अक्षरासारखं दिसतं, म्हणजे स्टेन्सिल उलटा लागला तरी टॅटू करणाऱ्याला कळणार नाही आणि करून घेणाऱ्याला तर नाहीच नाही. आपल्याला हे पटायला सोपं आहे खरं तर. मी एका परदेशी बाईच्या दंडावर शांती असं लिहिलेलं पाहिलंय, वेलांटी अक्षरापासून तुटून भलतीकडेच गेलेली, कारण कॉम्प्युटरवर फॉन्ट नीट उमटला नव्हता आणि तोच प्रिंट तसाच्या तसा कातडीवर गेला. बघताना पोटात कसंतरी झालं. ते आपलं अक्षर आहे म्हणून झालं. चिनी माणसाला माझ्या भावाचा हात बघून तेच होणार.

प्रेम या अक्षराबद्दल पण मला लिहायचंय कारण सगळ्यात जास्त फोटो त्याचेच येतात. जुन्या पद्धतीच्या अक्षरात बरोबर मध्यभागी हृदय असतं, म्हणजे हृदय या अर्थाचंच छोटं अक्षर आत बसवलेलं असतं. चीनने 1956 साली अक्षरं सोपी केली तेव्हा ते हृदय गेलं, रेषा कमी झाल्या. तैवान, हाँगकाँग आणि जपानमध्ये ते अजून आहे. कुठलं गोंदवायचं हा प्रश्न साधा नाही, लोक त्यावर जीव तोडून भांडतात, हृदयाशिवाय कसलं प्रेम असं म्हणतात. ज्याला हे माहीत आहे आणि मग तो विचार करून एक निवडतो त्याच्या टॅटूला मी काहीही म्हणणार नाही, उलट मला तो बघायला आवडेल.

सेलिब्रिटींकडे सगळं असून पण हे होतं. शॉन मॅरियन म्हणून एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा खेळाडू, त्याचं टोपणनाव मॅट्रिक्स, त्याने ते पायावर तीन अक्षरांत लिहून घेतलं. मा, तोरी, कुसु, असे जपानी उच्चार जुळवून. आवाज साधारण जमला पण वाचणाऱ्याला दिसतं ते राक्षस, पक्षी, कापराचं झाड. बाहेरच्या देशातली नावं जपानी लोक कांजीत, म्हणजे या चिनी अक्षरांत, सहसा लिहितच नाहीत, त्यासाठी काताकाना नावाची वेगळी साधी अक्षरं आहेत, हे एका वाक्यात कुणीही सांगितलं असतं. आणि 2019 च्या जानेवारीत अमेरिकन गायिका आरियाना ग्रांडेचं झालं ते तर सगळ्यांना माहीत आहे. सात अंगठ्या असं तळहातावर लिहायचं होतं, गाण्याचं नाव म्हणून. पूर्ण लिहायला पाच अक्षरं लागतात, तिने मधली तीन गाळली कारण तळहातावर फार दुखतं, आणि उरलेल्या दोन अक्षरांचा जपानीत शब्द होतो शिचिरिन, कोळशावर मांस मासे भाजायची छोटी शेगडी. मग दुरुस्ती म्हणून बोट हे अक्षर नंतर घातलं तर ते पण जागेवर बसलं नाही. जगभर लोक हसले. मला मात्र हसू आलं नाही, ती मुलगी खरंच जपानी शिकत होती, तिला त्या भाषेबद्दल प्रेम होतं. सहा महिने थांबली असती तर तिचं तिलाच कळलं असतं.

याउलट परत बेकहॅमच. 2008 मध्ये हाँगकाँगला त्याने बरगडीवर आठ अक्षरं उभी लिहून घेतली, जन्ममरण नशिबात, धनमान आभाळाच्या हातात, अशा अर्थाची. कन्फ्यूशसच्या संवादांमधलं जुनं वचन आहे, शब्द न शब्द खरा, आणि अक्षरं वाचणाऱ्यांच्या गावात जाऊन करून घेतलंय. फरक दिसतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी बोलत नाही. ज्या चीनची अक्षरं आपण अंगावर काढतो तिथे अंगावर अक्षरं काढणं ही फार काळ शिक्षा होती. गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर शाईने गोंदायचे, जन्मभर दिसावं म्हणून. ही शिक्षा कायद्यातून गेली ती 1905 मध्ये. शरीर, केस, कातडी आईबापांनी दिलीये, तिला इजा करू नये, ही तिथली जुनी शिकवण. दुसरीकडे बाराव्या शतकातल्या युए फेइ या सेनापतीच्या पाठीवर त्याच्या आईनेच देशनिष्ठेची चार अक्षरं गोंदली अशी कथा तिथल्या पोरापोराला माहीत असते. म्हणजे एकीकडे कलंक आणि एकीकडे आईचा हात. 2021 च्या डिसेंबरात चीनने राष्ट्रीय फुटबॉलपटूंना नवीन टॅटू काढायला बंदी घातली. जपानमध्ये मी एका ओन्सेनला गेले होते, गरम पाण्याची सार्वजनिक अंघोळ, दारावरच पाटी, टॅटू असेल तर प्रवेश नाही. आपण ज्यांची लिपी उचलतो त्यांना त्याबद्दल काय वाटतं हे निदान माहीत तरी असावं.

मग करूच नये का? करावं, ज्याला खरंच त्या भाषेशी काही देणंघेणं आहे त्याने जरूर करावं. चीनमध्ये पाच वर्षं राहिलेल्या माणसाने, किंवा कुंगफूच्या गुरूंनी दिलेलं अक्षर असेल, किंवा सासर तैवानचं असेल. पण अ‍ॅपवरून नको. ती भाषा घरी बोलणाऱ्या दोन वेगवेगळ्या माणसांना दाखवा, अर्थ सांगू नका, नुसतं दाखवा आणि विचारा काय वाचलंस. आणि हाताने लिहून घ्या, सुलेखन करणाऱ्याकडून, कॉम्प्युटरचा फॉन्ट नको. आई हा शब्द मंगल फॉन्टमध्ये जसाच्या तसा गोंदवला तर कसा दिसेल, रेल्वेच्या फॉर्मसारखा, तसं ते दिसतं त्यांना.

आणि लोकांना चटकन वाचता येऊ नये, आपल्यापुरतं असावं, असं असेल तर आपल्याकडे मोडी आहे ना. माझ्या पणजोबांचे मोडीतले कागद आहेत घरी, काय सुंदर वळण आहे, हात न उचलता लिहिलेलं. ते शिकवणारी माणसं पुण्यात आणि मुंबईत आहेत. पणजोबांच्या सहीचा टॅटू करायचा माझा विचार आहे, पण आधी मला ती स्वतःला वाचता यायला हवी, सध्या जोडाक्षरांवर अडलेय.

भावाने लेझर नाही केलं. खर्च आहे, सात आठ सिटिंग लागतील म्हणाले, आणि दुखतं. सध्या फुल शर्ट घालतो. मावशीला अजून सांगितलेलं नाही. पण परवा त्याचा मेसेज आला, सोबत एका मुलीने निवडलेल्या शब्दाचा स्क्रीनशॉट, त्याच्या ऑफिसमधली मैत्रीण. तिला मनगटावर फ्री असं हवंय, रविवारची अपॉइंटमेंट आहे, अजून केलेलं नाहीये ताई, प्लीज आधी बघ. मी बघितलं. अ‍ॅपने तिला चिनी शब्द दिला होता तो फ्री म्हणजे फुकट. पैसे लागत नाहीत वाला फ्री. मी तैपेईच्या मैत्रिणीला पाठवून खात्री करून घेतली आणि मग त्या मुलीला दुसरी दोन अक्षरं पाठवली, चिनीत आणि जपानीत दोन्हीकडे तीच चालतात, पहिल्याचा अर्थ स्व आणि दुसऱ्याचा पासून. आपल्या स्वातंत्र्यात पण स्व पहिला येतो ते तिला सांगितलं. तिने विचारलंय की रविवारच्या आत कागदावर वीस पंचवीस वेळा लिहून बघितलं तर चालेल का, आणि रेषा कुठून सुरू करायची.