फील्ड मार्शलची सही तपासून घेताना

इटलीच्या मोहिमेची कागदपत्रं मी बरीच वर्षं जमवतोय, कारण मराठा लाइट इन्फंट्रीची आपली माणसं तिथे लढली. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले. शेवटच्या दोघांना त्यांनी हातातल्या बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा इटलीतल्या जर्मन फौजांचा सरसेनापती होता फील्ड मार्शल आल्बर्ट केसलरिंग. घाडग्यांच्या कागदांसोबत त्याची सही असलेला फोटो मला हवा होता.

असे फोटो बाजारात येतात. हिटलरचा छायाचित्रकार हाइनरिश हॉफमन सेनानींची पोस्टकार्डं छापून विकायचा, त्यावर सह्या घेतल्या जायच्या. शिवाय केसलरिंग १९६० पर्यंत जगला, त्यामुळे युद्धानंतरच्या सह्याही फिरतात. मला युद्धकाळातलीच हवी होती, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

जर्मनीतल्या एका लिलावात तसं एक पोस्टकार्ड निघालं. तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलम ८६अ मुळे नाझी चिन्हांचं जाहीर प्रदर्शन हा गुन्हा आहे. म्हणून कॅटलॉगमध्ये गणवेशावरच्या गरुडाखालचं स्वस्तिक झाकलेलं होतं. बोली लावण्याआधी लिहून द्यावं लागलं की वस्तू इतिहासाच्या अभ्यासासाठी घेतोय, प्रचारासाठी नाही. मला ही अट मनापासून पटते. ज्याला हे लिहून देणं जड जातं, त्याने या वाटेला जाऊच नये.

लिलावगृहाच्या चित्रावरून मी सहीबद्दल काहीच ठरवत नाही. आधी मोठ्या रिझोल्यूशनचे स्कॅन मागवले, पुढचे आणि मागचेही. फ्रँकफुर्टला असलेला माझा मावसभाऊ लिलावाआधीच्या पाहणीला गेला, भिंग आणि यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, टॉर्च घेऊन. १९५० च्या सुमारापासून फोटोच्या कागदात पांढरेपणासाठी एक रसायन घालायला लागले. यूव्हीखाली असा कागद नव्या शर्टासारखा निळसर चमकतो. हे कार्ड मंद, पिवळट राहिलं. म्हणजे कागद जुना; पण जुन्या कोऱ्या कार्डावर काल केलेली सहीही असू शकते, म्हणून खरं काम शाईचं. छापील सही भिंगाखाली सपाट दिसते किंवा ठिपक्यांत फुटते. इथे टाकाचे दोन काठ रेघेच्या दोन्ही बाजूंना गडद उमटले होते, दोन रेघा एकमेकींवरून गेल्या तिथे शाई दाट झाली होती आणि गुळगुळीत भागावर एका फटकाऱ्यात तुटलीही होती. बॉलपेन असतं तर मी तिथेच थांबलो असतो, कारण ते युद्धानंतर रुळलं. मग तारीख असलेल्या त्याच्या दप्तरी सह्यांशी ताडून पाहिलं. अक्षरांच्या आकारापेक्षा मी वेग आणि दाब बघतो, कारण नक्कल करणारा आकार साधतो, पण हात जपून चालवतो.

भावाने फोनवर विचारलं, “दादा, सगळं ठीक दिसतंय. पण हा माणूस घरात कशाला?”

प्रश्न रास्त होता. १७ जून १९४४ च्या आदेशात याच माणसाने लिहिलं होतं की पार्टिझानांशी, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या इटालियन गनिमांशी, लढताना नेहमीच्या संयमापलीकडे जाणाऱ्या अधिकाऱ्याला आपण पाठीशी घालू. त्या उन्हाळ्यात इटलीतली गावंच्या गावं कापली गेली. त्याआधी २४ मार्चला रोमजवळच्या आर्डेआटिने गुहांत ३३५ माणसांना मारलं. १९४७ मध्ये व्हेनिसच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला, पुढे तो जन्मठेपेवर आला, आणि १९५२ मध्ये तो सुटला. मी भावाला म्हटलं, “फोटो भिंतीवर लागणार नाही. या सगळ्यासकट फायलीत जाईल.”

माझी बोली लागली. वर लिलावगृहाचं कमिशन आणि टपालखर्च धरून रक्कम चांगलीच वाढते, ते नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधीच हिशेबात धरावं. कार्ड आता आम्लविरहित कागदात आणि पॉलिएस्टरच्या पाकिटात आहे. लॅमिनेशन कधीही करू नये. पाकिटाच्या मागे खटल्याचा गोषवारा, पुढच्या पानावर घाडग्यांचं मानपत्र.

आता शोध हाइनरिश फोन फीटिंगहॉफचा. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून पलीकडे नेलं आणि परत फिरून एकट्याने मशीनगनची ठाणी उडवली, तेव्हा इटलीतला जर्मन सेनापती तो होता. १९५२ मध्येच तो वारला, त्यामुळे ताडून बघायला नमुने कमी मिळतात. आधी तेच गोळा करतोय.