चोडणच्या खाजनात

गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी नदी ओलांडली की चोडण बेट. उतरल्याबरोबर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागतं. बरेच पर्यटक तिथली खारफुटी बघून परतीची बोट धरतात. मी मात्र खाजनं बघायला पुढे गेले.

खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाडीकाठची जमीन बांध घालून शेतीखाली आणलेली. माती, पेंढा आणि चिऱ्यांचे हे बांध गोव्यातल्या गावकऱ्यांनी पोर्तुगीज येण्याच्याही आधीपासून राखलेत. बांधावरून चालताना एका हाताला भरतीचं पाणी होतं, दुसऱ्या हाताला शेत, आणि शेत पाण्याहून खाली! ते बघितल्यावर पाय जरा जपूनच पडायला लागले.

सगळ्यात जास्त वेळ मी थांबले ते मानशीपाशी. बांधातल्या चिरेबंदी वाटेला लाकडी फळ्यांची दारं. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तशी ती आपसूक मिटतात. ओहोटी लागली तशी आधी फटीतून चिळकांडी उडाली, मग दार कुरकुरत हललं आणि आतलं पाणी नदीकडे धावलं. मोटर नाही, वीज नाही.

पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की खारेपणा सोसणारं कोरगुट भात लावतात. कापणी झाली की मानशीतून मुद्दाम खारं पाणी आत घेतात, त्याबरोबर मासळी आणि कोळंबी येते. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावायचं. या हक्काची रीतसर पावणी, म्हणजे लिलाव, होते. समुद्राला कायमचं बाहेर ठेवायचा हट्ट इथे कुणी धरला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण खेकड्याने पाडलेलं भोक वेळीच बुजवलं नाही, तर उधाणात त्याचं खिंडार होतं. पूर्वी हे कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी गावसंस्था, बघे. कुळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. शेती सुटत चालली तशी डागडुजीही मागे पडली. बांध फुटलेल्या शेतांत आता खारफुटी माजते, आणि तिला कायद्याचं संरक्षण असल्याने ते शेत परत मिळवणं अवघड होऊन बसतं. खारफुटीवर माझं प्रेम आहे. बांधाबाहेर ती लाटांचा मारा झेलते. तरी शेतात तिची रोपं बघून जीव हळहळला.

तुम्ही गेलात तर भरती-ओहोटीच्या वेळा बघून जा, आणि दुचाकी रस्त्यावरच ठेवून बांधावर चालत फिरा.